मोकळ्या जागेचा अल्बम: 'द पोलिस'चा 'सिंक्रोनिसिटी'

ठाण्यात मावसभावाच्या लग्नाचं रिसेप्शन होतं. स्टेजवर आहेराची रांग, खाली जेवणं आणि कोपऱ्यात चार मुलांचा बँड. त्यातल्या गिटारवाल्या मुलाने एक तुकडा छेडला आणि माझा हात पुरीवरच थांबला. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'! फार सुंदर वाजवत होता तो. नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसली, फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला.

आता हे गाणं शब्दांकडे कान देऊन ऐका. त्यातला माणूस सोडून गेलेल्या बाईला सांगतोय की तुझा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल मी बघत असेन. तिच्यावर अजून आपलाच हक्क आहे असं मानणाऱ्या, मत्सराने पोखरलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. हे गाणं लिहिणाऱ्या स्टिंगने ही गोष्ट मुलाखतींमधून अनेकदा सांगितली आहे. तरी ते जगभर लग्नांत वाजतं, कारण चाल इतकी मऊ आहे की शब्दांतली धास्ती कानाला टोचतच नाही.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याचं नाव 'सिंक्रोनिसिटी'. बँड 'द पोलिस', वर्ष १९८३. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम एकूण १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, आणि तेही मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ने सगळं जग व्यापलं होतं त्या वर्षी. इतक्या विकल्या गेलेल्या अल्बमबद्दल समजावून काय सांगायचं, असं वाटेल. पण त्याच्या आत बरंच काही दडलेलं आहे. न्यू वेव्ह म्हणजे नेमकं काय, स्टुडिओत गाणं कसं बांधलं जातं, त्यावर मालकी कुणाची, स्विस मानसशास्त्रज्ञाचा शब्द रॉक अल्बमचं नाव कसा झाला. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा अल्बम जेवढा वाजवलेल्या सुरांवर उभा आहे तेवढाच न वाजवलेल्या सुरांवर. ही मोकळी जागा कुठून आली, हे मला सांगायचं आहे.

पंकच्या मागून आलेली लाट

१९७६-७७च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंक रॉकचा धडाका सुरू झाला. त्याआधीच्या काही वर्षांत रॉक फार जडशीळ झालं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, लांबलचक गिटार सोलो, रंगमंचावर धूर. पंकच्या पोरांनी ते सगळं उडवून लावलं. तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सुरांचे गट, येत असल्या की बस, गाणं अडीच मिनिटांत संपवायचं आणि जे म्हणायचं ते ओरडून म्हणायचं.

पण निव्वळ ओरडण्यावर किती दिवस काढणार? त्याच पिढीतल्या काही जणांनी पंकचा आटोपशीरपणा आणि चपळाई तेवढी उचलली आणि तिच्यात बाकीच्या गोष्टी मिसळल्या: कीबोर्ड, डिस्कोचा ठेका, जमैकाचं रेगे, आर्ट स्कूलमधला तिरकसपणा. याला न्यू वेव्ह म्हणू लागले. हे नाव मूळचं फ्रेंच सिनेमातल्या 'नूवेल व्हाग'वरून आलेलं. न्यूयॉर्कचे 'टॉकिंग हेड्स' आणि 'ब्लाँडी', बोस्टनचे 'द कार्स', इंग्लंडचा एल्व्हिस कॉस्टेलो, हे सगळे याच लाटेतले. एकाचं संगीत दुसऱ्यासारखं नाही, म्हणून न्यू वेव्हची पक्की व्याख्या करायला गेलं की ती हातातून निसटते. गाणं छोटं ठेवायचं, त्यात काही तरी अनपेक्षित घालायचं आणि आव आणायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

'द पोलिस' १९७७ साली लंडनमध्ये सुरू झाला. ड्रमर स्ट्यूअर्ट कोपलंड अमेरिकन, त्याचे वडील सीआयएमध्ये, त्यामुळे त्याच्या बालपणाचा मोठा काळ बैरूतला गेलेला. बास गिटार वाजवणारा आणि गाणारा स्टिंग, मूळ नाव गॉर्डन सम्नर, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूकॅसल भागातला. तो शाळेत मास्तर होता आणि फावल्या वेळात जॅझ वाजवायचा. गिटारवादक अँडी समर्स दोघांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी मोठा, साठच्या दशकापासून या धंद्यात मुरलेला आणि अभिजात गिटार शिकलेला. थोडक्यात, पंकवाल्यांच्या हिशेबाने हे तिघेही जरा जास्तच शिकलेले होते. त्यांनी केस पिवळे केले तेही मुळात एका च्युइंग गमच्या जाहिरातीसाठी. त्यामुळे 'हे खरे पंक नव्हेत' अशी टीका व्हायची. खरंच नव्हते. पण माझ्या दृष्टीने त्यांची ताकद तिथेच होती. भरपूर वाजवता येत असूनही कमी वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

समेवर हात हवेत

लहानपणी तबल्याच्या क्लासला सरांनी रूपक शिकवला तेव्हा माझा गोंधळ उडाला होता. सात मात्रा, तीन-दोन-दोन असे विभाग, इथवर ठीक होतं. पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'वर! त्रितालात, झपतालात, एकतालात समेवर टाळी पडते, आणि इथे समेलाच हात उलटा, हवेत. सर म्हणायचे, "तिथे काही नाही असं समजू नकोस, तिथे खाली आहे." ते कळायला मला बरेच महिने लागले.

पुढे रेगे ऐकलं तेव्हा सरांचं वाक्य आठवलं. साध्या रॉकमध्ये चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर बास ड्रमचा दणका असतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि सगळं वजन तिसरीवर टाकतात. गिटार मात्रांच्या मधल्या फटीत 'चक् चक्' करत राहते आणि बास गिटार मोकळ्या मैदानात चाल खेळवते. ऐकणाऱ्याचं शरीर पहिल्या मात्रेची वाट बघतं, ती मिळत नाही आणि म्हणूनच मान आपोआप डोलायला लागते.

'द पोलिस'ने हा ठेका पंकच्या वेगाला जोडला. एका ओळीत रेगेची सैल चाल आणि पुढच्या ओळीत सुसाट रॉक. १९७८, १९७९ आणि १९८० असे ओळीने तीन अल्बम या रसायनावर निघाले. बँडमध्ये माणसं तीनच, त्यामुळे कुणी एक थांबला की तिथे खरोखर पोकळी व्हायची. समर्सने ही पोकळी भरून काढायचा हट्ट धरला नाही. एक कॉर्ड छेडायची आणि प्रतिध्वनीच्या यंत्रातून ती लांबवर विरू द्यायची, अशी त्याची पद्धत. कोपलंड उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीवर, बारीक नक्षी काढत बसायचा. स्टिंगचा उंच, थोडा खरखरीत आवाज या सगळ्याच्या वर तरंगायचा.

मराठी वाचकाला या बँडशी एक नातं सांगता येतं. मार्च १९८० मध्ये हे तिघं मुंबईत आले आणि धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेले. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने समाजकार्याच्या मदतीसाठी तो कार्यक्रम ठेवला होता. त्या दौऱ्यात पाश्चात्त्य बँड सहसा जात नसत अशी बँकॉक, कैरो यांसारखी शहरंही होती. गाजत असलेला परदेशी बँड गाजत असतानाच आपल्याकडे येणं तेव्हा अप्रूपाचं होतं. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेजं असल्यामुळे पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातलं रॉक थांबलं. त्या उघड्या नाट्यगृहात बसून ज्यांनी 'द पोलिस' ऐकला, त्यांचा मला आजही मनापासून हेवा वाटतो.

बेटावरचा स्टुडिओ, जेवणघरातले ड्रम

डिसेंबर १९८२ मध्ये पाचव्या अल्बमसाठी तिघं कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट या छोट्या बेटावर जमले. तिथे 'एअर स्टुडिओज' होता. आपल्याकडे एआयआर म्हटलं की आकाशवाणी आठवते. हा मात्र 'बीटल्स'चे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ साली उभारलेला स्टुडिओ. बाहेर जंगल, टेकडी, पोहण्याचा तलाव. आत वातावरण तापलेलं.

स्टिंग आणि कोपलंड यांचं एव्हाना अजिबात पटत नव्हतं. बँड मुळात कोपलंडने काढलेला, पण गाणी स्टिंगची चालायची आणि त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच व्हायला लागला होता. शिवाय स्टिंगचं लग्न त्याच सुमारास मोडलं होतं. पहिले काही दिवस वापरण्यासारखं जवळजवळ काहीच टेपवर उतरलं नाही. बँडचा मॅनेजर माइल्स कोपलंड, म्हणजे ड्रमरचाच थोरला भाऊ, त्याला बेटावर यावं लागलं. पुढे जायचं की इथेच थांबायचं यावर बैठक झाली आणि कसंबसं ठरलं की अल्बम पूर्ण करायचा.

रेकॉर्डिंग कसं चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. अँडी समर्स मुख्य स्टुडिओत. स्टिंग कंट्रोल रूममध्ये, म्हणजे जिथे ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम बसायचा तिथेच. आणि कोपलंडचे ड्रम वेगळ्या इमारतीतल्या जेवणघरात मांडलेले! तिघं एकमेकांना दिसावेत म्हणून मध्ये व्हिडिओची जोडणी केलेली.

हे निव्वळ भांडणापायी झालं असं ऐकायला रंजक वाटतं, पण त्याला तांत्रिक कारणही होतं. एकाच खोलीत ड्रम आणि गिटार एकदम वाजले तर ड्रमचा आवाज गिटारच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. मग नंतर गिटारचा आवाज वाढवावा तर ड्रमही वाढतात. खोल्या वेगळ्या केल्या की प्रत्येक वाद्य टेपच्या आपापल्या ट्रॅकवर स्वच्छ उतरतं. एका लांब कागदावर समांतर पट्टे आखलेत अशी कल्पना करा. एका पट्ट्यावर बास, एकावर बास ड्रम, एकावर गायन. यातला कुठलाही पट्टा पुसून पुन्हा भरता येतो, हलका करता येतो किंवा अजिबात बंद ठेवता येतो. पट्ट्यांचं हे प्रमाण ठरवणं म्हणजे मिक्सिंग. बास गिटार तर थेट यंत्रात जोडता येते, तिला खोलीची गरजच नाही, म्हणून स्टिंग कंट्रोल रूममध्ये बसू शकला. आणि जेवणघराच्या मोकळ्या आवाजामुळे ड्रमला जी खणखणीत, जिवंत गुंज मिळाली ती गादीसारख्या भिंतींच्या स्टुडिओत मिळाली नसती.

शेवटचा हात कॅनडातल्या क्युबेकमधल्या 'ल स्टुडिओ'त फिरवला गेला आणि जून १९८३ मध्ये अल्बम बाजारात आला.

सा, प आणि वरचा रे

'एव्हरी ब्रेथ यू टेक' स्टिंगने १९८२ मध्ये जमैकात लिहिलं, जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याच्या 'गोल्डनआय' नावाच्या घरी. गाण्याची मांडणी म्हणाल तर अगदी साधी. त्यातला कॉर्डचा क्रम पन्नासच्या दशकातल्या शेकडो प्रेमगीतांत सापडतो. मॉन्टसेराटला या गाण्यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस झाली. कोपलंडला त्याची नक्षी हवी होती, स्टिंगला सरळ ठोका. शेवटी ड्रमसुद्धा सलग न वाजवता तुकड्यातुकड्याने भरले गेले. गिटारला मात्र जागा सापडत नव्हती. स्टिंगने समर्सला सांगितलं की आत जा आणि तुझ्या पद्धतीने वाजव.

समर्स त्या काळात हंगेरीच्या बेला बार्टोक या संगीतकाराच्या व्हायोलिनच्या जुगलबंद्या गिटारवर वाजवून बघत असे. तो आत गेला, एक तुकडा वाजवला आणि कंट्रोल रूममधल्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या तुकड्यात काय आहे ते आपल्या भाषेत सांगतो. पेटी असेल तर समोर घ्या. खालचा सा, मग त्याचा प. त्या प ला सा मानलं तर त्याचा प कुठे येतो? वरच्या सप्तकातल्या रे वर. म्हणजे षड्ज-पंचम भावाच्या दोन पायऱ्या एकीवर एक. त्या रे ला लागूनच वरचा ग. सा, प, रे, ग या चार सुरांमध्ये समर्सची बोटं मागे-पुढे फिरतात. गिटारवर त्यासाठी डाव्या हाताची बोटं चांगलीच ताणावी लागतात, आणि उजवा तळहात तारांवर हलका टेकवून आवाज थोडा दाबलेला ठेवावा लागतो.

साध्या प्रेमगीतात इथे सा-ग-प एकत्र छेडलं असतं आणि गाणं गोड, निर्धास्त झालं असतं. वरच्या रे मुळे मात्र त्यात एक न सुटणारी ओढ येते. रे ला सा वर उतरायचं असतं, पण तो उतरत नाही. पुढची कॉर्ड येते आणि पुन्हा तसाच रे. कुणी तरी दाराशी उभं आहे, आत येत नाही आणि जातही नाही, असं काहीसं. शब्दांतली पाळत सुरांत कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी याच रे वर बोट ठेवीन. ठाण्याच्या त्या मुलाने हा ताण अचूक पकडला होता, म्हणून तर माझा घास अडला.

या तुकड्याने एक गुंता मात्र कायमचा मागे ठेवला. गाण्याचे हक्क दोन प्रकारचे असतात. एक शब्द आणि चाल रचणाऱ्याचा, दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. 'एव्हरी ब्रेथ यू टेक'चा रचनाकार म्हणून कागदोपत्री एकट्या स्टिंगचं नाव आहे. १९९७ मध्ये अमेरिकन रॅपर पफ डॅडीने 'आय'ल बी मिसिंग यू' हे गाणं समर्सच्या त्याच गिटारवर उभं केलं. ते प्रचंड चाललं आणि रचनेचं मानधन स्टिंगला मिळालं, कारण गिटारचा तुकडा हा रचनेचा भाग न मानता वादनाचा भाग मानला जातो. २०२५ मध्ये समर्स आणि कोपलंड यांनी मानधनाच्या प्रश्नावरून स्टिंगविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या मंडळींनी किती गाण्यांचं संयोजन केलं, वादकांसाठी स्वरलिपी लिहिल्या. गाण्याच्या मधले जे तुकडे आपण आज गुणगुणतो त्यातले कितीतरी या लोकांच्या हातचे आहेत. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं क्वचितच आली. मुखडा ज्याचा, गाणं त्याचं, हा हिशेब मला अपुरा वाटतो. गाणं आठवताना ओठांवर आधी जो तुकडा येतो, तो ज्याने सुचवला त्याचंही नाव मोठ्या अक्षरांत हवं.

शंभर वर्षं आयुष्य आहे तुला

आता अल्बमच्या नावाकडे. सिंक्रोनिसिटी हा शब्द रूढ केला स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने. कुणाचं नाव काढावं आणि तो माणूस दारात उभा राहावा, हे आपल्या घराघरांत होतं. आपण म्हणतो, "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला!" नाव काढल्यामुळे तो आला नाही आणि तो येणार म्हणून आपण नाव काढलं नाही. दोन घटनांमध्ये कारण-परिणामाचा धागा नाही, तरी दोन्ही एकत्र आल्यावर आपल्याला त्यात अर्थ दिसतो. युंगने यालाच सिंक्रोनिसिटी म्हटलं आणि १९५२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. त्याची प्रसिद्ध गोष्ट अशी: एक रुग्ण स्वप्नात दिसलेल्या सोनेरी भुंग्याबद्दल सांगत होती आणि त्याच वेळी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर तसल्याच जातीचा चकाकता भुंगा होता.

विज्ञान म्हणून ही कल्पना टिकत नाही असं माझं मत आहे. जगात रोज इतक्या घटना घडतात की काही जुळणारच. पण गाणं लिहिण्याची रीत म्हणून ती कमालीची उपयोगी आहे, आणि याचा पुरावा म्हणजे 'सिंक्रोनिसिटी टू' हे गाणं. त्यात उपनगरातल्या एका कुटुंबाची सकाळ आहे. घरात कुरबुर, कारखान्यात अपमान, रहदारीत अडकलेली गाडी, बाप आतल्या आत उकळतोय. आणि कडव्याच्या शेवटी कॅमेरा जणू उचलून शेकडो मैल लांब नेला जातो, स्कॉटलंडमधल्या एका काळ्याशार सरोवरावर, जिथे पाण्याखालून काहीतरी वर येतंय. बापाचा आणि त्या जलचराचा काही संबंध नाही, गाणंही तो सांगत नाही. तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत आपल्याला नक्की कळलेलं असतं की घराच्या दारात काय येऊन उभं राहणार आहे. दोन चित्रं शेजारी ठेवायची, मधला धागा ऐकणाऱ्याने विणायचा. इथेही मोकळी जागाच काम करते, फक्त ती शब्दांमधली आहे.

वेष्टनावर हीच कल्पना. निळा, पिवळा, लाल असे रंगाचे तीन आडवे पट्टे आणि त्यांवर तिघांची वेगवेगळी छायाचित्रं. पट्ट्यांची आणि छायाचित्रांची अदलाबदल करून एकाच अल्बमची कितीतरी वेगळी वेष्टनं छापली गेली. स्टिंग एका छायाचित्रात युंगचं पुस्तक वाचताना दिसतो.

तबकडीची पहिली बाजू ओबडधोबड आहे, हे मान्य करायला हवं. 'सिंक्रोनिसिटी वन' सहा-सहा मात्रांच्या आवर्तनात, सिक्वेन्सर या यंत्राच्या न थकणाऱ्या सुरांवर धावतं, तिथवर मजा येते. समर्सचं 'मदर' सात मात्रांत आहे आणि त्यात तो अक्षरशः किंचाळतो. पुष्कळांना ते सोसत नाही. मलाही पहिली काही वर्षं सोसलं नाही. कोपलंडचं 'मिस ग्राडेन्को' दोन मिनिटांचं, चटपटीत, विसरायला सोपं. दुसरी बाजू मात्र सलग चार गाणी श्वास रोखून ऐकावी अशी, त्यातही 'किंग ऑफ पेन'. सूर्यावरच्या एका काळ्या ठिपक्यापासून सुरू होणारं ते गाणं आधी जेमतेम दोन सुरांवर झुलतं आणि मग सगळी वाद्यं एकदम आत येतात. त्या दोन सुरांचा धीर बघा.

थ्रिलरच्या वर्षी

'एव्हरी ब्रेथ यू टेक' अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि ब्रिटनमध्ये चार. गॉडली आणि क्रीम या जोडीने त्याचा कृष्णधवल व्हिडिओ केला. १९८१ मध्ये सुरू झालेली एमटीव्ही वाहिनी तेव्हा घराघरांत पोहोचत होती आणि दिसायला देखण्या, रंगीबेरंगी ब्रिटिश बँडांना तिच्यामुळे अमेरिकेचं दार उघडलं होतं. त्या झगमगाटात एक काळापांढरा, संथ व्हिडिओ उठून दिसला. १९८४च्या ग्रॅमी सोहळ्यात या गाण्याला वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. वर्षाचा अल्बम अर्थातच 'थ्रिलर' ठरला. २०१९ मध्ये बीएमआय या अमेरिकन हक्कसंस्थेने आपल्या यादीत रेडिओवर सर्वाधिक वाजलेलं गाणं म्हणून 'एव्हरी ब्रेथ यू टेक'ची नोंद केली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'सिंक्रोनिसिटी' जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतला.

१८ ऑगस्ट १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार लोकांसमोर ते वाजले. 'बीटल्स'ने जिथे इतिहास घडवला होता तेच मैदान. यापेक्षा वर जायला जागा उरली नाही, आता थांबायला हवं, असं आपल्याला त्याच वेळी वाटलं हे स्टिंगने नंतर सांगितलं. मार्च १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरा संपला. १९८६ मध्ये पुन्हा अल्बम करायचा प्रयत्न झाला, पण कोपलंड घोड्यावरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, ड्रम वाजवता येईनात आणि जुनी भांडणं नव्याने उकरली गेली. २००७-०८ मध्ये जगभर पुनर्भेटीचा दौरा झाला, पण नवा अल्बम नाही. 'सिंक्रोनिसिटी' हाच शेवटचा.

मॉन्टसेराटच्या त्या स्टुडिओचंही तसंच झालं. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने त्याची वाताहत केली. १९९५ पासून सूफ्रिएर हिल्सचा ज्वालामुखी जागा झाला, बेटाची राजधानी प्लिमथ राखेखाली गेली आणि अर्धं बेट ओसाड पडलं. स्टुडिओ पुन्हा कधी उघडला नाही.

कॅसेट आणि सीडीवर शेवटी 'मर्डर बाय नंबर्स' हे एक जादा गाणं आहे. पण तबकडी संपते ती 'टी इन द सहारा'वर, आणि मला तोच खरा शेवट वाटतो. रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून ऐका. बास गिटारचे थोडेसे सूर पुन्हा पुन्हा येतात. ड्रम जवळजवळ कुजबुजतात. समर्सची गिटार तर गिटार वाटतच नाही. तार छेडल्याचा आवाज लपवून तो सूर मागून हळूहळू वर आणतो आणि वाळूवरून वारा जावा तसा तो निघून जातो. वाळवंटात कुणाची तरी वाट बघणाऱ्या तीन बहिणींची ती गोष्ट आहे. त्यांच्या पेल्यात शेवटी वाळू उरते. स्टिंग गायचा थांबतो, बास आणखी थोडा वेळ चालत राहतो, आणि मग तबकडीची नुसती खरखर.